तुम्ही विचारलंत म्हणून: नर्स असून कळलं कसं नाही?

नातेवाईक विचारतात, सोसायटीतल्या बायका विचारतात, वॉर्डमधल्या नव्या मुलीसुद्धा विचारतात: "सिस्टर, तुम्ही स्वतः नर्स, मग ल्युपस लेकीच्या किडनीपर्यंत जाईतो कळलं कसं नाही?" ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार. आज एकदाच सांगते.

ऑगस्टमध्ये तिचे सांधे दुखायला लागले, अंगात कणकण असायची. ठाण्यात आमच्या बिल्डिंगमध्येच तेव्हा चौघांना चिकुनगुन्या झालेला. ल्युपसही असाच सुरू होतो, ताप, सांधेदुखी, थकवा. भल्याभल्या डॉक्टरांची गल्लत होते. हे मी सगळ्यांना ठासून सांगते आणि ते खरंही आहे.

पुढचं मात्र सांगत नाही. घरातल्या कपाटातल्या डायक्लोफेनॅकच्या, म्हणजे पेनकिलरच्या, गोळ्या मीच तिला देत होते. तीन आठवडे. ना चिठ्ठी, ना लघवीची तपासणी. मग एका रात्रपाळीत तिचा फोन आला, "आई, सँडलचा पट्टा लागत नाहीये." मी म्हटलं, ऐरोलीपर्यंत लोकलमध्ये उभी राहून जातेस, पाय उशीवर ठेवून झोप. सकाळी घरी आले तर ती गाढ झोपलेली, एक पाय पांघरुणाबाहेर. नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, भरेचना. वॉर्डात असे किती पाय दाबलेत. असा खळगा, म्हणजे पिटिंग, दिसलं की चार्टवर लिहायचं आणि पुढच्या कॉटकडे जायचं. त्या दिवशी पर्स खांद्याला तशीच ठेवून मी पलंगाच्या कडेला बसून राहिले.

"लघवीला फेस येतो का गं?"

"येतो की. महिना झाला. मला वाटलं, बाथरूमच्या लिक्विडचा असेल."

लघवीत प्रोटीन तीन प्लस, म्हणजे बरंच जास्त; फेस त्याचाच. बीपी 160/100. किडनीच्या बायोप्सीत क्लास 4, म्हणजे ल्युपसची किडनीतली सूज गंभीर प्रकारची.

डॉक्टर म्हणाले, किडनीला सूज ल्युपसने आली, तुमच्या गोळ्यांनी नाही. नातेवाइकांना मी हेच सांगते. पण आजारी किडनीला पेनकिलर चालत नाही, हे डिस्चार्जच्या वेळी लोकांना बजावण्यात माझी वर्षं गेली. तेव्हा किडनीचं कुठे माहीत होतं, असं स्वतःला समजावते. मग बीपी का नाही घेतलं? मशीन त्याच कपाटात होतं.

आता रोज चहाआधी वजन, मग बीपी, दोन्ही वहीत. दोन दिवसांत दीड किलो वाढलं की डॉक्टरांना फोन. पापड-लोणचं बंद. मायकोफेनोलेट दर बारा तासांनी. ताप आला तर वाट बघत बसायचं नाही, कारण या औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे ल्युपसचं औषध डोळ्यांना त्रास देऊ शकतं, म्हणून डोळ्यांची तपासणी. आणि स्टिरॉइड आपल्या मनाने एक दिवसही थांबवायचं नाही. म्हणून हात जोडून सांगते, "दिसते तर छान, अजून गोळ्या कशाला?" असं तिच्यासमोर म्हणू नका. गोळ्या चालू आहेत म्हणून ती छान दिसते. स्टिरॉइडने गोल झालेल्या चेहऱ्यामुळे एकदा तिने त्या लपवून ठेवल्या होत्या.

सुरुवातीला 24 तासांच्या लघवीत 4 ग्रॅम प्रोटीन जात होतं, गेल्या महिन्यात 700 मिलिग्रॅम आलं. रिपोर्ट बघून ती म्हणाली, "आई, आता तरी माझे पाय दाबून बघणं सोड." अजून सोडलेलं नाही.