घरी कोण कोण आहे?

बारशाच्या जेवणानंतरची दुपार. टेबलफॅन बाळाच्या दिशेने वळवलेला आणि बाकीचे आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर जिलबी-मठ्ठा जिरवत बसलेलो. वर्षातून एखाद्या कार्यालाच भेटणारे, नवऱ्याच्या आत्याचे जावई शेजारी येऊन बसले. पाऊस, रस्ते आणि गुडघे पंगतीतच बोलून झाले होते. थोडा वेळ आम्ही दोघंही नाइलाजाने बाळाकडे बघत राहिलो. मग त्यांनी विचारलं, "सध्या काय बघताय?"

पूर्वी अशा जागी "बाकी, विशेष काय?" यायचं. त्याला कुणी उत्तर देत नसे आणि कुणाची तशी अपेक्षाही नसे, फार सोयीचं होतं ते. या नव्या प्रश्नाला मात्र उत्तर द्यावं लागतं. आणि काहीही सांगितलं तरी समोरच्याकडे त्याच्यावर कडी करणारं काहीतरी तयार असतंच. मी एक नाव पुटपुटले. "ते सोडा हो, ही लिहून घ्या," म्हणाले. मी पर्समधून फोन काढून लिहीपर्यंत ते थांबले, वर मान वाकवून बरोबर लिहिलंय ना तेही पाहिलं.

तर अशी एक यादी आहे माझ्या फोनमध्ये. त्या दिवशी बाळ झोपल्यावर ती वरपासून वाचून काढली. मालिकांची नावं त्यात जेमतेमच आहेत. गडबडीत जे कानावर पडलं ते लिहिलेलं.

'जर्मन. कागद-पेन घेऊन बसणे.' ही ऑफिसमधल्या एका मुलाची 'डार्क'. विंडेन नावाचं गाव, तेहतीस वर्षांचा फेरा, आणि कोण कोणाचा बाप हे कळेपर्यंत तीन सीझन, २६ भाग. त्याने हाताने काढलेला वंशवृक्ष मला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. स्वत:च्या चुलत आजोबांचं नाव विचारलं तर आईला फोन लावणाऱ्या या मुलाला विंडेनमधली चारही घराणी तोंडपाठ आहेत.

'मंत्र्याची, जुनी, ब्रिटिश.' ही काकांची 'येस मिनिस्टर'. १९८० सालची. काका मंत्रालयातून निवृत्त झाले. ही मालिका नसून आपलं सेवापुस्तक आहे असं त्यांचं म्हणणं. मंत्र्याला काही कळूच नये म्हणून त्याचे सचिव सर हम्फ्री ते लांबलचक वाक्य सुरू करतात, तेव्हा काका टीव्हीकडे बघून "अगदी, अगदी" म्हणतात. फाइलवर तसंच लिहायची त्यांची सवय अजून गेलेली नाही. भाजीच्या यादीतही 'उपलब्धतेनुसार' असतं.

'दिल्ली, पोलीस बाई. एकटीने बघू नकोस.' ही नणंदेची. 'खुर्ची??' ही कुणाची ते देव जाणे.

यातल्या बहुतेक मी बघणार नाही, हे मला माहीत आहे. पण यादी पुसवत नाही.

सुचवणाऱ्यांचा तसा माझा राग नाही, त्यांच्या काही वाक्यांचा आहे. "पहिले दोन एपिसोड जरा सहन कर, मग पकड घेते." का म्हणून? दोन एपिसोड म्हणजे दोन तास. तेवढ्यात माझा रात्रीचा स्वयंपाक होऊन ओटा पुसून होतो. दुसरं वाक्य, "शेवट सांगत नाही हं, पण...". त्या 'पण'मध्ये खुनी पकडला जातो. आणि तिसरा प्रकार तर बोलतही नाही. तो आमच्या घरातच आहे. त्याने आधी बघितलेलं काही मी बघायला बसले की तो पडद्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघतो. विनोद यायच्या आधी कोपराने ढोसतो. मी हसले की असा खूश होतो, जसं काही ते त्यानेच लिहिलंय.

लहानपणी हे काहीच नव्हतं. दूरदर्शन एकच, त्यामुळे "काय बघतेस?" असं कुणी विचारत नसे. "काल बघितलंस?" विचारत, आणि बघितलेलं असायचंच. निवड करायची वेळ यायची ती फक्त गावात व्हीसीआर भाड्याने मिळायला लागला तेव्हा. सुट्टीत मामे-मावस भावंडं जमली की वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर आणायचा. बरोबर तीन कॅसेट. एसटी स्टँडमागे एका गाळ्यात ती व्हिडिओ लायब्ररी होती. भिंतभर कॅसेट, त्यांच्या पाठीवर स्केचपेनने लिहिलेली नावं, आणि काउंटरवर एक लांबडं रजिस्टर. मालक पेन कानावर ठेवून बसलेले. मागाल ती कॅसेट ते लगेच देत नसत. आधी विचारत, "घरी कोण कोण आहे?"

आम्ही सांगायचो. आजी आहे, दोन मामा, मामी, मावशी, आम्ही नऊ पोरं.

"आजी जाग्या असतात का?"

"असतात."

"मग ही नको. हिच्यात दोनदा उठून जावं लागेल."

कधी म्हणायचे, "ही न्या, पण दुसरी लावा. पहिली लावलीत तर लहान पोरं रात्री बाथरूमला एकटी जाणार नाहीत." कधी आमच्या हातातली मारामारीची कॅसेट काढून घेत. "मामींना दिवस गेलेत ना? ही पुढच्या वर्षी." मामींना दिवस गेल्याचं आम्हा पोरांना त्या गाळ्यात कळलं. घरी येऊन आम्ही ते जाहीर केल्यावर जे रामायण झालं, त्यात त्या रात्रीची पहिली कॅसेट उशिरा लागली.

मला आता वाटतं, त्या माणसाने स्वत: निम्मे सिनेमे बघितलेही नसतील. कुठला सिनेमा किती चांगला, यावर तो एक शब्द बोलल्याचं आठवत नाही.

हल्ली हे काम ॲप करतं. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये चांदण्या काढून अंगठा आणला, आणि नावापुढे टक्के दाखवायला लागलं. एका खूनमालिकेशी माझं ९६ टक्के जुळतं म्हणे. लग्नाच्या वेळी पत्रिका बघितली तेव्हा छत्तीसपैकी एकोणीस गुण जुळले होते, त्यावर संसार चाललाय. आणि ते ९६ तरी माझे कुठले? त्या प्रोफाइलवर भाचा सुट्टीभर झॉम्बी बघून गेलाय.

एक नाव मात्र असं होतं की कुणालाही डोळे झाकून सांगावं. 'पंचायत'. एप्रिल २०२० मध्ये, आपण सगळे घरात कोंडलेलो असताना आली. फुलेरा गाव कथेत उत्तर प्रदेशातलं, चित्रीकरण मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यातल्या महोडियाचं, पण आमच्या सासऱ्यांना ते वाईकडचं कुठलं तरी वाटलं. प्रधान कागदावर बायको, कारभार बघणार नवरा. यात त्यांना समजावून सांगण्यासारखं काहीच नव्हतं. सचिवाने नवी चाकांची खुर्ची आणली आणि गावात त्यावरून महाभारत झालं, तो भाग त्यांनी जेवण थांबवून बघितला. शिवी आली की रिमोट शोधायची फारशी गरज नाही. आजी, सासरे, कॉलेजातली मुलगी, सगळे एका सोफ्यावर. मी कितीजणांना सांगितली असेल.

गेल्या महिन्यात ताईचा मेसेज आला, मावसभावंडांच्या ग्रुपवर. ताई साताऱ्याजवळ असते. "काहीतरी हलकंफुलकं सुचवा रे. संध्याकाळी घर खायला उठतं." लगेच आठ-दहा जणांनी लिहिलं, पंचायत बघ. कुणी नुसताच त्यातल्या दुधीभोपळ्याचा फोटो टाकला. मीही 'पंच' एवढं टाइप केलं होतं.

ताईचा मुलगा फौजेत आहे. दोन वर्षांपूर्वी भरती झाला. सध्या जिथे आहे तिथून फोन कधी लागतो, कधी नाही.

'पंचायत'च्या दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग ज्यांनी बघितलाय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगून मी त्या 'पण'वाल्यांत जाणार नाही.

ग्रुपवर काही लिहिता येईना. तिलाच वेगळा मेसेज केला, "पहिलाच सीझन बघ. पुरे तेवढा."

"का गं?"

आता याला काय उत्तर द्यायचं? कारण सांगितलं तर ज्याच्यापासून तिला लांब ठेवायचं तेच तिच्या हातात द्यायचं. न सांगावं तर ती मुद्दाम बघणार, लहानपणापासून ती तशीच आहे. मी लिहिलं, "पुढे नुसतं राजकारण आहे. निवडणुका वगैरे. कंटाळशील." तिसऱ्या-चौथ्या सीझनपुरतं हे अगदी खोटं नाही, असं स्वत:ला समजावलं.

"बरं," आलं. पुढे हसरा चेहरा.

परवा तिचा फोन आला. पाऊणएक तास बोललो. तिच्या तुरीला लागलेली कीड, माझी कंबर, त्या बारशाचा मेनू. मुलगा दिवाळीला येणार होता, आता नाही म्हणतोय. 'पंचायत'चं नाव तिने काढलं नाही. मीही विचारलं नाही, कुठपर्यंत आलीस म्हणून. ठेवता ठेवता म्हणाली, "तुला एक कोरियन सांगते, लिहून घे. सोळा भाग आहेत. पहिले दोन जरा सहन कर."

घेतली लिहून.