आंदूहारचा लिंक्स पाहायला जाताना

ताडोबाची सवय असलेल्यांनी आधीच मनाची तयारी करावी. दक्षिण स्पेनमधल्या आंदूहारला गेटवर रांग नाही, जिप्सी नाही, सकाळ-दुपारची फेरी नाही. सिएरा मोरेनाच्या डोंगरात ला लांचाकडे एक कच्चा रस्ता जातो. त्याच्या कडेला गाडी लावायची आणि लिंक्स या रानमांजराच्या शोधात समोरचा उतार दुर्बिणीने पालथा घालायचा, बस्स. पैसे देऊन स्थानिक गाईड मिळतात, आणि हाताशी वेळ कमी असेल तर तेच बरं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना तारेचं कुंपण दिसतं. ही जमीन बहुतेक खाजगी आहे: हरणांच्या शिकारीसाठी राखलेल्या इस्टेटी, झुंजीच्या बैलांची कुरणं, मधेमधे होल्म ओकची झाडं. मला हे सुरुवातीला खटकलं. पण इथे जंगल मोडून शेती झाली नाही, झुडपं शाबूत राहिली, म्हणून तर लिंक्स तगला. सरकार आणि संस्थांनीही मालकांना हाकलायच्या भानगडीत न पडता त्यांच्याशी करार केले.

आयबेरियन लिंक्सची खरी गोष्ट सशाची आहे. त्याच्या खाण्यात ८० ते ९० टक्के ससेच. १९५०च्या दशकात मिक्सोमॅटोसिस हा सशांचा साथीचा रोग आला, १९८०च्या दशकाच्या अखेरीस सशांचा रक्तस्रावी रोग आला, आणि ससे गेले तसा लिंक्सही गेला. २००२च्या सुमारास आंदूहार-कार्देन्या आणि नैर्ऋत्य किनाऱ्यालगतचं दोन्याना या दोनच भागांत मिळून शंभराच्या आत उरले होते. मग दगड-फांद्यांचे ढीग रचून सशांना बिळं करून दिली, ससे आणून सोडले. जोडीला पिंजऱ्यातलं प्रजनन. त्यातली पहिली पिल्लं २००५ साली दोन्यानात जन्मली. पुढे लिंक्स स्पेनच्याच एक्स्त्रेमादुरा प्रांतात, पोर्तुगालच्या ग्वादियाना खोऱ्यातही सोडले. २०२३च्या गणनेत आकडा दोन हजारांपुढे गेला आणि २०२४ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला ‘संकटग्रस्त’ यादीतून काढून ‘असुरक्षित’ यादीत घातलं. नाव पिंजऱ्यातल्या पिल्लांचं होतं. माझ्या मते निम्मं श्रेय त्या दगडांच्या ढिगांना द्यायला हवं.

आम्हाला तो दिसला तो पक्ष्यांमुळे. वानराचा कॉल ऐकून वाघ शोधणाऱ्यांना हे नवीन नाही; इथे ते काम मॅगपाय करतात. खालच्या झुडपांवर त्यांचा एकच कालवा उठला आणि ग्रॅनाइटच्या धोंड्यामागून लिंक्स बाहेर आला. कानांवर काळे झुपके, गालांना दोन्हीकडे लोंबणारी दाढी, आखूड शेपटीचं टोक काळं. वजनाने दहा-बारा किलोचाच प्राणी, पण चाल अशी की सगळी टेकडी आपल्या नावावर आहे. एका दगडावर मूत्राची खूण केली, आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि झुडपात शिरला.

जायचं तर डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा जोड्या जमतात, नर दिवसाही फिरतात आणि ओरडतात. या दिवसांत तिथे सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो, त्यामुळे आपल्यासारखं पहाटे चारला उठायची गरज नाही. थंडी मात्र बोचते. एका जागी तासन्‌तास उभं राहायचं असतं, तेव्हा हातमोजे हवेतच. एप्रिलचा शेवटचा रविवार टाळा: त्या दिवशी वर्हेन दे ला काबेसाची (मेरीमातेची) मोठी जत्रा असते आणि डोंगर माणसांनी फुलून जातो.

आंदूहारपर्यंत रेल्वे आहे, पण पुढे स्वतःची गाडी लागतेच. पेट्रोल गावातच भरून घ्या. कच्च्या रस्त्यावर ना पंप, ना चहाची टपरी, ना शौचालय. रस्ता हांदुला धरणापाशी संपतो. तिथल्या बोगद्यात वटवाघळं असतात, कड्यांवर रानबोकड दिसतात. पाणमांजर पाहायचं तर खाली एन्सिनारेहोला नदीकाठी बसा.

गाडी सावकाश चालवा, आणि अंधार पडल्यावर तर फारच. गाडीखाली येणं हे लिंक्सच्या मरणाचं आज मोठं कारण आहे, आणि आपल्यासारखे त्याला पाहायला येणारेच त्या रस्त्यावरची वर्दळ वाढवतात. कुंपण ओलांडू नका, गाडी वळणावर लावू नका.

शाकाहारी मंडळींचे जरा हाल होतात. अंडं चालत असेल तर बटाट्याचा तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, सगळीकडे मिळतो. टोमॅटोचं सालमोरेहो, म्हणजे गार, घट्ट सूप, छान लागतं, पण वर हॅमचे तुकडे पेरून येतं. मागवतानाच ‘सिन हामोन’ (हॅमशिवाय) सांगा. रात्रीचं जेवण नऊच्या आधी क्वचितच मिळतं, तेव्हा खाऊचा डबा सोबत ठेवा.