सातबारा टंकला की सात डिसेंबर होतो

यावल तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो की चहाच्या आधी कोणाचा ना कोणाचा लॅपटॉप माझ्यापुढे येऊन पडतो. नोकरी जळगावला आणि संगणक हा छंद, एवढ्या भांडवलावर मी गावातला जाणकार ठरलो आहे. प्रश्न ठरलेला असतो: अमुक कामासाठी कोणते सॉफ्टवेअर चांगले? माझे उत्तरही आता ठरून गेले आहे. त्यात दिसायला काय आहे ते नंतर पाहावे. आपण जे आत घालतो ते चार वर्षांनी, दुसऱ्या संगणकावर, जसेच्या तसे बाहेर निघते की नाही ते आधी पाहावे. कोठीत ज्वारी भरून बाजरी निघाली तर ती कोठी कितीही रंगवलेली असली तरी कोणी घरात ठेवणार नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. मागे एकदा आमच्या विकास सोसायटीच्या गटसचिवांना सभासदांची यादी एक्सेलमध्ये करून देण्याचे मी मोठ्या हौसेने कबूल केले होते. नाव, गट क्रमांक, आधार क्रमांक आणि बँक खाते एवढेच रकाने होते. दोन संध्याकाळी बसून यादी पूर्ण केली, छापून दिली, आणि तिसऱ्या दिवशी सचिव आपली जाडजूड वही घेऊन दारात उभे राहिले. काही खात्यांचा शेवटचा अंक शून्य झाला होता, काहींच्या सुरुवातीचे शून्य नाहीसे झाले होते, आणि दोन-तीन सभासदांच्या जमिनीच्या गट क्रमांकाच्या जागी चक्क महिन्याचे नाव आले होते. वही होती म्हणून निभावले. चूक पूर्णपणे माझी होती, कारण एक्सेल हे मुळात हिशेबाचे साधन आहे आणि त्यात टंकलेली प्रत्येक गोष्ट हिशेबाची आहे असे ते धरून चालते, हे ठाऊक असायला हवे होते.

एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधरा अंकच अचूक साठवतो आणि सोळाव्या अंकापासून पुढे शून्य ठेवतो. त्यामुळे सोळा अंकी खाते क्रमांक टंकला की शेवटचा अंक कायमचा जातो, आणि रकाना कितीही रुंद केला तरी तो परत येत नाही. आधार क्रमांक बारा अंकी असल्याने तो आतून शाबूत राहतो, मात्र पडद्यावर मध्येच ई अक्षर घेऊन भलताच आखूड दिसतो. गट क्रमांकाची गंमत याहून निराळी आहे. इंग्रजी अंकांत १२/३ असे टंकले की ती तारीख समजली जाते, आणि ज्या कागदावर आपली सगळी शेती उभी आहे तो ७/१२ सुद्धा संगणकाच्या भारतीय मांडणीत ७ डिसेंबर होतो, तर अमेरिकी मांडणीत १२ जुलै. नंतर त्या चौकटीचा प्रकार बदलून मजकूर करावा म्हटले तरी सातबारा परत मिळत नाही, कारण एक्सेल तारीख म्हणजे १९०० सालाच्या प्रारंभापासून मोजलेले दिवस साठवतो. २०२५ साली टंकलेल्या ७/१२ चे अशा रीतीने ४५९९८ होते. ही संख्या पाहून उताऱ्यावरचा गट ओळखणारा तलाठी अजून जन्माला यायचा आहे.

हा ताप फक्त आपल्यालाच होतो असे नाही. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावे मार्च १, सेप्ट १ अशी होती आणि संशोधकांच्या तक्त्यांत त्यांच्या तारखा होत असत. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अशा जनुकांची नावेच बदलली. एक्सेलमध्ये हे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय २०२३ मध्ये आली. म्हणजे आधी विज्ञानाने माघार घेतली आणि मग सॉफ्टवेअरने.

उपाय साधा आहे, पण तो आधी करावा लागतो. ज्या रकान्यात बेरीज-वजाबाकी कधीच होणार नाही, तो टंकण्यापूर्वी निवडून त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ असा ठरवून घ्यावा. मोबाइल क्रमांक, खाते, आधार, गट, पिनकोड हे दिसायला अंक असले तरी ती खरी नावेच आहेत. एखाद-दुसरीच नोंद असेल तर तिच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह टंकले तरी चालते. बँकेकडून किंवा संकेतस्थळावरून सीएसव्ही फाइल, म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकुराची फाइल, आली असेल तर तिच्यावर दोनदा टिचकी मारून ती थेट उघडू नये. एक्सेलच्या ‘डेटा’ विभागातून ती आत घ्यावी आणि तिथेच प्रत्येक रकान्याचा प्रकार सांगावा. मराठी नावे असलेली सीएसव्ही जतन करताना ‘यूटीएफ-८’ असे लिहिलेला पर्याय निवडावा, नाहीतर सभासदांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते.

मराठीचा विषय निघालाच आहे, आणि माझे सर्वांत जुने दुखणे तिथेच आहे. माझ्या मामांचे भुसावळला नव्वदीच्या दशकात डीटीपीचे दुकान होते. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, शाळांच्या स्मरणिका असे सगळे काम तिथे होत असे आणि ते सर्व मामांनी जपून सीडींवर उतरवून ठेवले आहे. त्या फाइली आज उघडतात, पण मजकूर मात्र रोमन अक्षरे, चौकटी आणि विचित्र चिन्हे यांचा चिवडा असतो. कारण तेव्हाचे मराठी फॉन्ट ही एक युक्ती होती. फाइलमध्ये रोमन अक्षरांचेच क्रमांक साठवले जात आणि फॉन्ट त्या जागी देवनागरी आकार दाखवत असे. तो फॉन्ट संगणकावर नसला की मुखवटा गळून पडतो. शिवाय प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची रचना वेगळी असल्याने एकाचा मजकूर दुसऱ्यात वाचता येत नाही, आणि त्यात शोध घेणे किंवा अकारविल्हे लावणे तर दूरच.

यावरचा इलाज म्हणजे युनिकोड, ज्यात क हा क म्हणूनच साठवला जातो, मग फॉन्ट कोणताही असो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि देवनागरी तिच्यात तेव्हापासून आहे. विंडोजमध्ये देवनागरीची सोय विंडोज २००० पासून झाली. एक्सपीमध्ये मात्र ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी मागितली जाई, जी आमच्याकडे कोणाकडेच नसे. आता तशी कोणतीही अडचण उरलेली नाही. तरीही दुकानातला ऑपरेटर जुन्या फॉन्टचा हात बसला आहे म्हणून त्यातच टंकतो आणि गिऱ्हाईकही काही बोलत नाही, हे मला खटकते. छपाईसाठी काहीही वापरावे, पण आपल्या संस्थेचा इतिहास किंवा वडिलांच्या आठवणी टंकून घेत असाल तर पैसे देण्यापूर्वी मजकूर युनिकोडमध्येच हवा असे स्पष्ट सांगावे.

टंकण्याची रीत म्हणाल तर मी इन्स्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीचा पक्षपाती आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, आणि हीच मांडणी इतर भारतीय लिप्यांनाही लागू होते. पंधरा दिवस हात अडखळतो, नंतर डोळे पडद्यावरून हलत नाहीत. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी साधने सोपी आहेत हे मान्य, पण ती शब्द ओळखून देतात आणि आपण दिले ते मुकाट्याने घेतो. शेतकऱ्यांसाठी निघालेल्या पत्रकावर ‘शेतकर्यांना’ असे छापलेले मी डझनावारी पाहिले आहे. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांत मराठी माणूस जो भेद करतो तो या एका ऱ्य वर उभा आहे. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबले की नुक्त्याचा ऱ मिळतो, मग डीच्या कळीवरचा हलंत आणि तिरप्या रेघेच्या कळीवरचा य. हाच आकार साध्या र ला हलंत देऊन मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही उमटवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते निराळे शब्द वाटू शकतात, आणि म्हणून एकाच यादीतला शेतकरी शोधल्यावर सापडत नाही. ॲ ची कथा तशीच आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, तोवर अ वर चंद्र देऊन काम भागवले जात होते आणि त्या पद्धतीने टंकलेला मजकूर अजून सर्वत्र पसरलेला आहे. कोणतीही एक पद्धत धरावी आणि ती सोडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आमच्या अहिराणीला तर हा ऱ पावलोपावली लागतो. ‘काय करी ऱ्हायना’ असे भावाला मोबाइलवर लिहायला घ्यावे तर कळफलकाची सूचना प्रमाण मराठीतला भलताच शब्द पुढे करते. मी मोबाइलमधील आपोआप दुरुस्ती कायमची बंद करून टाकली आहे आणि घरातल्या सर्वांना तेच सांगतो.

लेखनासाठी वर्ड की लिब्रे ऑफिस, या वादात मी फार रमत नाही. साध्या अर्जाला आणि पत्राला लिब्रे ऑफिस पुरेसे आहे, ते मोफत आहे आणि त्याचा साठवणीचा नमुना २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. मराठीसाठी मात्र त्याच्या भाषा-सेटिंगमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची खूण एकदा तपासून घ्यावी, कारण देवनागरीचा फॉन्ट तिथे वेगळा ठरवावा लागतो. ज्यांच्याकडे वर्ड आहे त्यांनी एक काम आजच करावे. वर्ड अडीअडचणीसाठी दर दहा मिनिटांनी प्रत काढून ठेवतो. आपल्याकडे वीज ज्या वेळी जाते आणि डेस्कटॉपच्या यूपीएसची बॅटरी ज्या अवस्थेत असते, ते पाहता दहा मिनिटे फार झाली. सेटिंगमध्ये जाऊन तिथे दोन हा आकडा टाकावा. दुसऱ्याला पाठवताना पीडीएफ पाठवावे, म्हणजे मांडणी हलत नाही, पण मूळ फाइल पुसू नये. पीडीएफमधून मराठी मजकूर परत काढायला गेले की वेलांट्या आणि जोडाक्षरे बहुधा विस्कटतात.

किरकोळ गोष्टी थोडक्यात सांगतो. विंडोज आणि व्ही या कळा एकत्र दाबल्या की यापूर्वी कॉपी केलेले अनेक तुकडे समोर येतात. ही सोय एकदा चालू करावी लागते आणि मग तिच्याशिवाय राहवत नाही. व्हिडिओसाठी व्हीएलसी, दाबून बांधलेल्या फाइलींसाठी सेव्हन-झिप, आणि हरवलेली फाइल शोधण्यासाठी एव्हरीथिंग, ही तिन्ही मोफत आहेत आणि मी वर्षानुवर्षे वापरत आहे. संगणकाची गती वाढवून देतो म्हणणारे कोणतेही सॉफ्टवेअर मात्र मी घरात घेत नाही.

विंडोज १० चे नियमित मोफत सुरक्षा-अद्यतन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि जळगावच्या गोलाणी मार्केटमधून जुना लॅपटॉप आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. दोनशे-तीनशे रुपयांत ‘सगळे टाकून देतो’ म्हणणाऱ्याच्या पेनड्राइव्हमध्ये नेमके काय काय असते हे त्यालाही ठाऊक नसते. ज्या यंत्रावर आपण बँकेचे व्यवहार करतो तिथे असले काही टाकण्यापेक्षा मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकतो. माझ्या काकांच्या कृषी केंद्रातल्या जुन्या लॅपटॉपवर तेच आहे. काकांना त्याचे नाव अजून माहीत नाही. त्यांना ब्राउझर आणि प्रिंटर चालल्याशी मतलब.

मामांच्या सीडींचे काम सध्या सुरू आहे. दोन सीडी वाचल्याच गेल्या नाहीत. बाकीच्यांतला मजकूर फॉन्ट बदलणाऱ्या साधनातून युनिकोडमध्ये आणतो, त्याच्या तीन प्रती ठेवतो, एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक इंटरनेटवर, आणि मग बसून वाचतो. साधन बहुतेक सारे नीट करते, फक्त ऱ्य तेवढा दर वेळी चुकतो. रविवारी मामा शेजारी खुर्ची ओढून बसतात, मी वाचतो आणि ते मूळ स्मरणिकेवर बोट ठेवून सांगतात, ‘इथे दऱ्या आहे रे, दर्या नाही.’ १९९६ सालच्या स्मरणिकेची अजून चाळीस पाने शिल्लक आहेत.