घोड्यावर न बसणाऱ्यांचे काम

“तुम्हाला स्वतःला घोड्यावर बसता येत नाही, तुम्ही डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्टही नाही, मग विशेष गरजा असलेल्या मुलांच्या त्या घोडेस्वारीच्या संस्थेत तुम्ही स्वयंसेवकांचे नेतृत्व करता म्हणजे नेमके काय करता?” हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, देणगीदार विचारतात आणि कधीकधी नवे स्वयंसेवकही विचारतात. थोडक्यात उत्तर असे की, एका घोड्याभोवती तीन माणसे वेळेवर आणि योग्य जागी हजर असतील व बहुतेक वेळ गप्प राहतील, याची व्यवस्था मी पाहते. मात्र एवढ्या उत्तराने कोणाचे समाधान होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्या मुलाला स्वतःचा तोल सांभाळता येत नाही, त्याच्या घोड्यासोबत तीन जण चालतात. एक जण घोड्याच्या मानेशेजारी चालून त्याचा दोर धरतो. त्याला आम्ही लीडर म्हणतो. उरलेले दोघे खोगिराच्या दोन्ही बाजूंनी चालतात, ते साइडवॉकर. मैदानाच्या मध्यभागी प्रशिक्षक उभा असतो आणि सूचना फक्त तो देतो. एका वेळी चार स्वार मैदानात असतील आणि प्रत्येकाला पूर्ण सोबत लागत असेल, तर प्रशिक्षकाखेरीज बारा माणसे लागतात, आणि हे बारा जण बिनपगारी असतात. त्यांच्यातले तिघे आले नाहीत, तर आठवडाभर वाट पाहिलेल्या एका मुलाला घोड्यावर न बसता परत जावे लागते. म्हणून माझ्या कामाचा मोठा भाग वेळापत्रक, राखीव नावांची यादी आणि आदल्या संध्याकाळचे फोन यांतच जातो. त्यात काही रम्य नाही, आणि ते रम्य आहे असे मी कोणाला भासवतही नाही.

एवढ्या माणसांचा खटाटोप कशासाठी, हे कळायला घोड्याची चाल समजून घ्यावी लागते. घोडा साध्या चालीने चालतो तेव्हा स्वाराची कंबर पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलते, शिवाय किंचित वळतेही. ही हालचाल माणूस स्वतः चालताना त्याच्या कमरेच्या होणाऱ्या हालचालीशी बरीच जुळते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, कधीच स्वतंत्रपणे न चाललेल्या मुलाच्या शरीराला चालण्याची ती लय घोड्याकडून मिळते, आणि प्रत्येक पावलागणिक धड सावरावे लागत असल्याने पाठीच्या व पोटाच्या स्नायूंना न सांगता काम करावे लागते. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट या चालीचा उपचार म्हणून उपयोग करतात, त्याला हिप्पोथेरपी म्हणतात. आमच्याकडे बहुतांश वेळ चालते ती उपचारात्मक घोडेस्वारी. तीत प्रशिक्षक मुलाला घोडा हाकायला शिकवतो आणि बाकीचा लाभ त्या शिकण्याच्या ओघात होतो. पालकांना हा फरक आम्ही पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगतो, कारण उपचाराची आशा धरून आलेल्या माणसाला शिकवणीवर बोळवणे योग्य नाही.

आता गप्प राहण्याविषयी. नव्या स्वयंसेवकाला मदत करण्याची घाई असते. प्रशिक्षक म्हणतो, “घोड्याला थांबव.” मूल विचार करत असते, स्वमग्न मुलाला तर ऐकलेले शब्द कृतीपर्यंत पोहोचवायला बराच वेळ लागू शकतो. तेवढ्यात डावीकडचा साइडवॉकर म्हणतो, “थांबव ना,” उजवीकडचा म्हणतो, “लगाम ओढ,” आणि दोराजवळचा लीडर घोड्याला स्वतःच थांबवून टाकतो. घोडा थांबला, पण मुलाने काहीच केले नाही. म्हणून प्रशिक्षणात मी स्वयंसेवकांनाच घोड्यावर बसवते, दोन्ही बाजूंना इतर स्वयंसेवक उभे करते आणि त्यांना मांडीवर गरजेपेक्षा घट्ट हात दाबायला, डोक्यावरून आपापसांत गप्पा मारायला आणि एकाच वेळी सूचना द्यायला सांगते. मैदानाला एक फेरी होईपर्यंत वर बसलेल्या माणसाचा चेहरा त्रासलेला दिसतो, आणि माझे अर्ध्या तासाचे व्याख्यान वाचते. मुलाला वेळ देण्याची ही शिस्त अंगी बाणवणे हे मला आमच्या प्रशिक्षणातले सर्वांत अवघड काम वाटते. खोगीर कसणे त्या मानाने फार लवकर येते.

हाताचेही तसेच आहे. साइडवॉकर आपला हात स्वाराच्या मांडीवरून आडवा नेऊन खोगिराची पुढची कड धरतो, म्हणजे मूल कोणत्याही बाजूला कलंडले तरी आधार मिळतो. हात दुखू लागला की घोडा थांबवून, आळीपाळीने, बाजू बदलायच्या असतात. दोघांनी एकदम हात काढायचा नसतो, आणि आपले कोपर घोड्याच्या बरगड्यांत रुतू द्यायचे नसते, कारण घोड्याला तो टाचेचा इशारा वाटू शकतो. हे सारे शिकवता येते. मात्र मांडीवरचा आधार घोट्यापर्यंत कधी आणायचा, आणि तिथूनही काढून नुसते शेजारून कधी चालायचे, याचा निर्णय प्रशिक्षक घेतो, आणि तो स्वयंसेवकाला पटावाच असे नाही. ज्या मुलाला महिनोन्‌महिने आपण धरले, त्याला आता धरायचे नाही, हे काही जणांना मनाला लागते. अशा वेळी त्यांच्याशी मैदानाबाहेर, मुलाच्या पालकांना ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी बोलावे लागते. तेही माझेच काम.

एका नियमाबाबत मात्र मी चर्चेला जागा ठेवत नाही. काहीही झाले तरी साइडवॉकरने स्वाराला सांभाळायचे आणि लीडरने घोड्याला. मूल घसरले, रडले, त्याला आकडीचा झटका आला, तरी लीडरने दोर सोडून मुलाकडे धावायचे नाही. चारशे-पाचशे किलोचे बिथरलेले जनावर मोकळे सुटले, तर त्या मुलाबरोबर मैदानातल्या सगळ्यांनाच धोका होतो. त्या क्षणी बाकीचे घोडेही जागच्या जागी थांबवायचे आणि प्रशिक्षकाच्या आवाजाची वाट पाहायची. दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही. जादा दोराच्या घड्या करून त्या मुठीत धरायच्या. घोड्याला कपाळासमोर अगदी जवळचे आणि शेपटीमागचे दिसत नाही, म्हणून तिथून अचानक जवळ जायचे नाही. आम्ही हे नियम दर हंगामाच्या सुरुवातीला जुन्या मंडळींकडूनही पुन्हा करून घेतो, आणि सर्वाधिक कुरकुर त्या जुन्या मंडळींचीच असते.

नकार देणे हा या कामाचा असा भाग आहे, ज्याविषयी कोणी विचारत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे पहिले दोन मणके अस्थिर असतात. अशा मुलाला घोड्यावर बसवले तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते, त्यामुळे डॉक्टरांनी तपासून लेखी संमती दिल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. आकडीचे झटके आटोक्यात नसतील किंवा हाडे फार ठिसूळ झाली असतील, तरी थांबावे लागते. सर्वांत कठीण नकार वजनाचा. खोगिरासह स्वाराचे वजन घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापेक्षा जास्त असू नये, ही सर्वत्र वापरली जाणारी ढोबळ मर्यादा आहे. पण त्याआधीच दुसरी मर्यादा गाठली जाते, ती म्हणजे तोल गेल्यास त्या मुलाला दोन साइडवॉकर खरोखर पेलू शकतील का, ही. लहानपणापासून येणारा मुलगा सोळा वर्षांचा होतो, खांदे रुंदावतात, आणि ज्या घोड्याचे नाव तो झोपेतही घेतो त्याच्यावर यापुढे त्याला बसता येणार नाही, असे त्याच्या आईला सांगावे लागते. आम्ही त्याला खरारा करायला, खूर साफ करायला, घोडा हाताने धरून फिरवायला शिकवतो. जिथे सोय आहे तिथे घोडागाडी हाकायलाही शिकवता येते. काही मुले त्यात रमतात. काही येणे बंद करतात, आणि त्यांचा राग मला रास्त वाटतो.

नकार घोड्यांच्या वतीनेही द्यावा लागतो. खोगीर चढवताना जो घोडा कान मागे पाडू लागला आहे, चावण्याचा आव आणतो आहे, तो आळशी किंवा वाईट झालेला नसतो. बहुधा त्याची पाठ दुखत असते किंवा त्याच त्या फेऱ्यांना तो विटलेला असतो. तोल नसलेल्या स्वाराला वाहणे घोड्याला अधिक जड जाते. प्रतीक्षायादी लांब असताना घोड्याला विश्रांतीवर पाठवण्याचा आग्रह धरला की संचालक मंडळाच्या बैठकीत वातावरण तापते, पण स्वयंसेवकच घोड्याला रोज पाहतात, तेव्हा त्यांचे म्हणणे तिथवर पोहोचवणे मला टाळता येत नाही.

देणगीदार बहुतेकदा लिस हार्टेलचे नाव काढतात. डेन्मार्कच्या या घोडेस्वार स्त्रीला 1944 मध्ये पोलिओ झाला, गुडघ्यांखाली पाय निकामी झाले, आणि तरीही 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये तिने ड्रेसाज, म्हणजे घोड्याकडून ठरावीक आखीव चाली करून घेण्याच्या प्रकारात रौप्यपदक मिळवले. 1956 मध्ये पुन्हा मिळवले. तिच्या यशामुळे उपचारात्मक घोडेस्वारीला मोठी चालना मिळाली, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या राष्ट्रीय संघटना 1969 मध्ये उभ्या राहिल्या, आणि 1996 पासून पॅरालिम्पिकमध्येही ड्रेसाज आले. लोक ही हकीकत तिच्या जिद्दीसाठी सांगतात, आणि जिद्द होतीच. मी स्वयंसेवकांना तिच्यातला दुसरा तपशील सांगते: घोड्यावर चढायला आणि उतरायला तिला माणसांची मदत लागत असे, आणि मधल्या वेळात मात्र ती माणसे दूर उभी असत.

हे वाचून कोणाला यावेसे वाटले, तर एवढे ध्यानात ठेवावे. घोड्यांचा अनुभव नसला तरी चालतो. तासभर मऊ वाळूतून चालण्याची ताकद आणि ठरल्या दिवशी येण्याची सवय मात्र हवी. सुरुवातीला लीद उचलावी लागेल, सामान पुसावे लागेल आणि कुंपणाबाहेर उभे राहून वर्ग पाहावे लागतील. नंतर रिकाम्या घोड्यासोबत चालवू, मग तोल सांभाळता येणाऱ्या स्वारासोबत. महिन्यातून एकच दिवस जमणार असेल तर तसे आधीच सांगावे. एका खात्रीच्या दिवसावर वेळापत्रक बांधता येते, चार अनिश्चित दिवसांवर ते बांधता येत नाही.