आमची वाटचाल: ग्रॅमच्या हिशोबाने

आमची कंपनी छोटी, काम एकच: मानवरहित विमानांच्या पंखांवर बसणारी हलकी सोलर लॅमिनेट, म्हणजे प्लास्टिकच्या थरांत बंद केलेले सौर सेल, तयार करणं. सेल आम्ही विकत घेतो. सेल हातात आल्यापासून तो पंखावर वीज देऊ लागेपर्यंत जे काही करावं लागतं, ते आमचं.

सुरुवात सिलिकॉनपासून झाली. दोन्ही ध्रुवांचे जोड मागच्या बाजूला असलेले १२५ मिलिमीटरचे सेल, कार्यक्षमता २२ ते २४ टक्के. पुढच्या बाजूला धातूच्या रेघाच नसल्याने त्यांची सावली पडत नाही. कडक उन्हात एक सेल साडेतीन वॅटच्या आसपास देतो, तेही जेमतेम ०.६ व्होल्टवर; म्हणून डझनावारी सेल एकामागे एक जोडावे लागतात. झुरिकच्या ईटीएच संस्थेचं अटलांटिकसोलर हे सात किलोपेक्षा हलकं विमान २०१५ मध्ये अशाच सेलवर सलग ८१ तास हवेत राहिलं. सिलिकॉनला कमी लेखू नये.

पहिल्या ऑर्डरपासून एक गोष्ट लक्षात आली. ग्राहक सेलच्या कार्यक्षमतेचा टक्का विचारतो, वजन मात्र भलतीकडेच असतं. १५० मायक्रॉन जाडीचं सिलिकॉन चौरस मीटरला ३५० ग्रॅम भरतं. वरचा २५ मायक्रॉनचा ईटीएफई या पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा ४४ ग्रॅम. सेलच्या वर आणि खाली १००-१०० मायक्रॉन ईव्हीए (वितळून चिकटणारं प्लास्टिक) घातलं की १९० ग्रॅम. म्हणजे नुसता चिकटवा सेलच्या निम्म्याहून जड! त्यात मागचं काचकापड, तांब्याच्या पट्ट्या, डाख आणि तारा. सरळ उड्डाणाला लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताने वाढते, त्यामुळे विमान १० टक्क्यांनी जड झालं की मोटरला १५ टक्के जास्त वीज लागते. सेलचा एखादा टक्का वाढवून ही भरपाई होत नाही.

म्हणून आमचा बराचसा वेळ चिकटवा पातळ करण्यात गेला. सरसकट ५० मायक्रॉनवर आणला, तर दोन सेलमधल्या तांब्याच्या पट्टीच्या कडेला पोकळी राहते आणि हवा अडकते. जमिनीवर तो बुडबुडा टाचणीच्या टोकाएवढा दिसतो. १८ किलोमीटर उंचीवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या तेराव्या हिश्शावर येतो, तेव्हा तोच फुगून पापुद्रा उचलतो. यावर उपाय म्हणजे सगळीकडे पातळ थर आणि फक्त पट्ट्यांच्या ओळींवर चिकटव्याच्या जादा अरुंद फिती. व्हॅक्यूम आधी, उष्णता नंतर, हा क्रम मोडायचा नाही. ईव्हीए वितळायच्या आत हवा पूर्ण निघाली पाहिजे. मग दाब देऊन १४५ ते १५० अंशांवर पंधरा मिनिटं. हे पंखावर होत नाही, कारण तेवढ्या तापमानाला फोमचा गाभा बसतो. लॅमिनेट वेगळं करून नंतर पातळ दुहेरी टेपने चिकटवायचं.

पंखाचा बाक हे दुसरं दुखणं. १५० मायक्रॉनचा सेल अर्ध्या मीटरच्या त्रिज्येवर वाकवला तर पृष्ठभागावर साधारण २५ मेगापास्कल ताण येतो. १० सेंटिमीटरच्या त्रिज्येवर सव्वाशेच्या जवळ. धडधाकट सिलिकॉन तेवढं सोसेलही, पण लेझरने कापलेली कड सोसत नाही. त्यामुळे सेल पंखाच्या पुढच्या टोकापासून मागे सरकवून सुरू करायचे. हवेचा प्रवाह नितळ राहावा म्हणूनही ते बरं: लॅमिनेटची कड कातडीवर उभी राहिली की तिथूनच खळबळ सुरू होते. आम्ही साच्यातच तेवढी खाच ठेवायला सांगतो.

स्ट्रिंग, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या सेलची माळ, नेहमी पंखाच्या लांबीच्या दिशेने न्यायची. पुढच्या आणि मागच्या ओळींना सूर्य वेगवेगळ्या कोनात दिसतो, आणि एकापुढे एक जोडलेल्या सेलमध्ये सर्वांत कमी प्रवाह देणारा सेल बाकीच्यांना आपल्या पातळीवर खेचतो. विमान कलंडतं तेव्हा ऊनही क्षणात बदलतं, म्हणून घरावरच्या पॅनलसाठी बनवलेला मंद एमपीपीटी (सेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा नियंत्रक) इथे हमखास भरकटतो.

यानंतर गॅलियम आर्सेनाइड या दुसऱ्या अर्धवाहकाच्या सेलकडे वळलो. यात सेलचा थर वेफरवर (स्फटिकाच्या चकतीवर) वाढवतात, मधला ॲल्युमिनियम आर्सेनाइडचा थर हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवतात आणि वरचा पापुद्रा सोलून घेतात; वेफर पुन्हा वापरता येतो. पाच मायक्रॉनचा असा थर चौरस मीटरला अवघा २७ ग्रॅम. ऑल्टा डिव्हायसेसने एकाच जंक्शनच्या (वीज बनवणारा एकच थर असलेल्या) सेलमध्ये २९.१ टक्के गाठले होते. ती कंपनी पुढे बंद पडली. एकाच पुरवठादाराच्या मापावर पंख आखू नये, असं आम्ही तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाला सांगतो. उन्हात तापल्यावर सिलिकॉन दर अंशाला ०.३ टक्क्याच्या आसपास गमावतं, गॅलियम आर्सेनाइड साधारण ०.१. कमी उंचीवर, पंखाची कातडी ६० अंशांवर गेली की हा फरक ठळक होतो.

पण हा सेल लाडावलेला आहे. सावलीत गेल्यावर उलटा व्होल्टेज फारसा सोसत नाही, म्हणून प्रवाहाला त्या सेलला वळसा घालू देणारे बायपास डायोड सढळ हाताने द्यावे लागतात, आणि ग्रॅम पुन्हा वाढतात. कडेला धातूचा बारीक कण जरी अडकला तरी सेल आतल्या आत शॉर्ट होतो. वाकतो छान, तुटतो तो जोड. आणि किंमत सिलिकॉनच्या अनेक पट. काही तासांच्या टेहळणी उड्डाणासाठी आम्ही आजही सिलिकॉनच सुचवतो. स्ट्रॅटोस्फिअरमध्ये महिनोन्‌महिने राहायचं असेल तिथे पातळ सेलला पर्याय नाही. एअरबसचं झेफायर हे सौर विमान २०२२ मध्ये ६४ दिवस उडालं, ते अशाच सोललेल्या सेलच्या जोरावर.

प्रत्येक लॅमिनेट अंधाऱ्या खोलीत तपासलं जातं. सेलमध्ये बाहेरून वीज सोडली की तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात उजळतो. अवरक्त प्रकाश अडवणारा फिल्टर काढलेल्या कॅमेऱ्यात तडा काळ्या रेघेसारखा दिसतो. ही तपासणी तीनदा: सेल आल्यावर, डाख दिल्यावर, लॅमिनेट झाल्यावर. तडा कोणत्या पायरीवर गेला हे त्याशिवाय कळत नाही. डाख देताना सोल्डरिंग आयर्न सेलच्या पॅडवर (धातूच्या जोडबिंदूवर) रेंगाळलं की पॅडच उखडतो, हे नेहमीचं.

पेरोव्हस्काइट या नव्या पदार्थाचा थर सिलिकॉनवर बसवलेले जोडसेल प्रयोगशाळेत ३४ टक्क्यांच्या पुढे गेलेत. ओलाव्यापासून त्यांना वाचवणारं आवरण हलकं होईपर्यंत आम्ही ते विकणार नाही.

चौकशी पाठवताना पंखाचा छेद, सेल बसवायच्या जागेवरची सर्वांत लहान त्रिज्या, बॅटरीचा व्होल्टेज आणि उड्डाणाची उंची एवढं कळवा. नुसतं ‘किती वॅट मिळतील’ याला आमच्याकडे उत्तर नाही.