धर्माचा रकाना आणि आपण
आज दिवसभर एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकला: फॉर्ममध्ये 'धर्म' विचारला तर नास्तिकाने काय लिहायचं?

सरळ 'कोणताही धर्म नाही' लिहा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलंय की असं म्हणण्याचा हक्क संविधानाच्या कलम २५ मधल्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यातच येतो. सरकार धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. रकाना रिकामा मात्र सोडू नका, मग दुसराच कोणीतरी आडनाव बघून तो भरतो.

कोर्टात साक्ष द्यायची असेल तर देवाचं नाव घ्यावं लागत नाही. शपथ कायदा १९६९, कलम ५ प्रमाणे प्रतिज्ञा घेता येते. उभं राहण्याआधीच सांगून ठेवा.

खरी कसोटी लग्नाची. धार्मिक विधींशिवाय लग्न करायचं तर विशेष विवाह कायदा, १९५४: दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य, मग नोटीस, पुन्हा ३० दिवसांची मुदत, शेवटी ३ साक्षीदार. हरकत घेता येते ती वय, आधीचं लग्न, मानसिक क्षमता, निषिद्ध नातं एवढ्यावरच. 'धर्म मानत नाहीत' ही हरकतच नव्हे. बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी: नोटीस कार्यालयात लागते आणि घरच्यांना ती बातमी तिसऱ्याकडून कळते. त्यातली जखम फार खोल असते. म्हणून नोटीस देण्याआधी आईवडिलांशी स्वतः बोला. देव आहे की नाही हा वाद त्या दिवशी नको. लग्न कसं करणार, एवढंच सांगा.

आणि हो, हिंदू घरात जन्मलेल्याच्या वारसाहक्काला नुसत्या नास्तिकपणाने काही फरक पडत नाही. त्याला हिंदू वारसा कायदाच लागू राहतो; मात्र विशेष विवाह कायद्याखाली हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन नसलेल्या व्यक्तीशी लग्न केलं, तर भारतीय वारसा कायदा लागू होतो.