दोन घड्याळं, एक किट बॅग आणि कणकुंबीचा पाऊस

गावोगावी जाऊन लोकांचे पोर्ट्रेट काढायचे हे डोक्यात घेतलं, तेव्हा मी सामान म्हणजे स्टुडिओच उचलून निघालो होतो. विजेवर चालणारे दोन दिवे, जाड स्टँड, उजेड मऊ करणारा कापडी मोठा सॉफ्टबॉक्स. बेळगावच्या बसस्थानकावर कंडक्टरनं विचारलं, "लग्नाचं हाय काय?" जांबोटीच्या पुढं पावसानं लाईट गेली आणि ते दिवे दिवसभर कोपऱ्यात बसून राहिले.

मग बॅटरीवर चालणारा फ्लॅश घेतला. 200 वॅट-सेकंदांचा, हातात मावणारा. कणकुंबीत एका घराच्या पडवीत आज्जांना बसवलं, छत्रीसारखा उघडणारा सॉफ्टबॉक्स लावला, बटण दाबलं. काही नाही. ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यावरून फ्लॅशला इशारा देणारं यंत्र, बॅगेत दाबला जाऊन रात्रभर चालू राहिला होता, त्यातले दोन्ही सेल बसलेले. फ्लॅशची जादा बॅटरी होती, कॅमेऱ्याच्या तीन होत्या, पण साधे पेन्सिल सेल? एकही नाही. आज्जांनी मुकाट्यानं भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, सेल काढून दिला. दुसरा शेजारच्या घड्याळातून आला. दोन घरांची वेळ थांबवून माझा फ्लॅश पेटला.

"उजेड पडला की रे बाळा, आता आनि काय करूलालास?"

"वारं आहे आज्जा, स्टँड पडतोय."

त्यांनी आवारातला जांभ्याचा चिरा आणून स्टँडच्या पायावर ठेवला. तेव्हापासून मी वाळूची पिशवी रिकामीच नेतो. वजन गावात मिळतं, ते बेळगावहून वाहून का न्यायचं?

आता सगळं एका क्रिकेट किट बॅगेत बसतं. मुद्दामच, कॅमेऱ्याची बॅग म्हटली की बसमध्ये दहा जण वळून बघतात. उलटे दुमडणारे स्टँड घेतले, मिटल्यावर साधारण हातभर होतात. ते तळाला, त्यावर सॉफ्टबॉक्स, वर जुनी गोधडी. फ्लॅशची काचेची नळी टोपी घालून वेगळ्या डब्यात. कॅमेरा आणि लेन्स मात्र पाठीवरच्या सॅकमध्ये, ती मांडीवरून खाली उतरत नाही. सेलसाठी साबणाचा प्लास्टिक डबा: भरलेले तोंड वर, संपलेले तोंड खाली. ट्रिगरमधून सेल काढूनच तो बॅगेत जातो. निघायच्या आदल्या रात्री सगळं चादरीवर मांडून मोबाईलवर फोटो काढतो. परतताना त्या फोटोशी ताळा. एकदा क्लॅम्प राहिला होता, तो असाच सापडला.

पावसाळ्यात खानापूरच्या त्या पट्ट्यात लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही. डब्यात सिलिका जेल ठेवतो. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करायचे, परत निळे होतात. त्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून तवा वेगळा ठेवा. हे मी आईच्या भाकरीच्या तव्यावर केलं होतं आणि जे ऐकलं ते इथं लिहीत नाही. मित्राच्या एसी गाडीतून उतरल्यावर सॅक अर्धा तास बंदच ठेवायची. लगेच उघडली तर थंड काचेवर दमट हवेचं पाणी धरतं.

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, विमानानं गेलो तेव्हा वेगळाच धडा मिळाला. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच न्यायच्या. मर्यादा 100 वॅट-तास, त्याच्यावर 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. माझ्या बॅटरीवर 14.4 व्होल्ट आणि 2900 एमएएच लिहिलंय, म्हणजे 2.9 अँपिअर-तास. 14.4 गुणिले 2.9, जेमतेम 42 वॅट-तास. हिशोब बिनचूक, पण मी त्याच छापील अक्षरांवर रंगीत टेप गुंडाळली होती. तपासणीच्या रांगेत नखांनी टेप खरवडत उभा राहिलो, मागचे लोक उसासे टाकत होते. आता टेप दुसऱ्या बाजूला, आणि टोकांवर प्लास्टिकच्या टोप्या.

परवा छापलेले फोटो द्यायला कणकुंबीला गेलो. नवे सेलही नेले होते. आज्जांनी फोटोचं पाकीट बाजूला ठेवलं आणि आधी भिंतीकडं बोट दाखवलं. त्या दिवशी घाईत मी लावून दिलेलं घड्याळ अकरा मिनिटं मागं होतं.